विश्लेषण : गाव मायाळू, पण वरची तिजोरी रिकामी… इंग्लंडमधल्या फ्रूममध्ये नेमकं काय चाललंय?

२४ जून २०२२ रोजी पॉल मॅकार्टनी यांनी जेमतेम आठशे माणसं मावतील अशा एका हॉलमध्ये कार्यक्रम केला. दुसऱ्याच दिवशी ते ग्लास्टनबरी महोत्सवात अथांग गर्दीसमोर उभे होते. त्याआधी २०१७ मध्ये 'फू फायटर्स' या अमेरिकन रॉक बँडनेही याच छोट्या हॉलमध्ये अचानक हजेरी लावली होती. हॉलचं नाव 'चीज अँड ग्रेन'. एकोणिसाव्या शतकात तो बांधला गेला तेव्हा तिथे गाणी नव्हती. शेतकरी तिथे चीज आणि धान्य विकायला येत, म्हणून हे नाव.

हा हॉल फ्रूम या गावात आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून कुणीही 'फ्रोम' म्हणेल, पण स्थानिक लोक 'फ्रूम' म्हणतात आणि चुकीचा उच्चार करणाऱ्याला हसून दुरुस्तही करतात. इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या सॉमरसेट काउंटीतलं हे साधारण २८ हजार वस्तीचं गाव. बाथ शहरापासून अंतर वीसेक किलोमीटर.

एवढ्याशा गावाचं नाव गेल्या दशकभरात राजकारणाचे अभ्यासक, डॉक्टर आणि पत्रकार यांच्या तोंडी सारखं येत राहिलं. गावाने टाऊन कौन्सिलमधून राजकीय पक्षांना बाहेर काढलं. रस्त्यावर सगळ्यांसाठी फ्रिज ठेवला. डॉक्टरांनी एकटेपणावर गप्पांचा उपाय शोधला. पण ज्या मोठ्या कौन्सिलवर गावाचे रस्ते आणि म्हाताऱ्यांची देखभाल अवलंबून आहे, तिनेच २०२३ मध्ये 'आर्थिक आणीबाणी' जाहीर केली. त्यामुळे प्रश्न असा उभा राहिला की माणसं कितीही चांगली असली, तरी वरून पैसा आटला तर गाव किती तग धरणार?

'मार्केट टाऊन' म्हणजे काय?

आपल्याकडे आठवडी बाजाराचं गाव म्हटलं की जे चित्र डोळ्यांसमोर येतं, त्याच्याजवळ जाणारी ही कल्पना आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार भरवायचा तर राजाची सनद लागायची. ज्या गावाला ती मिळाली, तिथे ठरलेल्या वारी आजूबाजूच्या खेड्यांतले लोक येत. बाजारामागून खाणावळी आल्या, कारागीर आले, चर्च मोठं झालं, आणि खेड्याचं छोटं शहर झालं. अशा गावांना आजही 'मार्केट टाऊन' म्हणतात, मग तिथे बाजार भरो वा न भरो.

फ्रूमचा बाजार तर फारच जुना. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने सगळ्या जमिनींची मोजदाद करून 'डूम्सडे बुक' तयार करवून घेतलं, त्यातही या बाजाराची नोंद आहे. पुढे लोकरी कापडाने गावाला पैसा दिला. कापडधंदा उतरल्यावर ओतकाम आणि छपाई आली. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाजवळ रथावर उभी असलेली राणी बोडिसिया, किंवा 'ओल्ड बेली' न्यायालयाच्या घुमटावरची हातात तराजू घेतलेली न्यायदेवता, हे दोन्ही पुतळे फ्रूमच्या सिंगर कारखान्यात ओतले गेले.

नंतर हे धंदेही बसले. बटलर अँड टॅनर हा गावातला नावाजलेला छापखाना २००८ मध्ये अडचणीत आला, नव्या नावाने पुन्हा उभा राहिला आणि २०१४ मध्ये कायमचा बंद पडला. गुरांचा बाजार त्याआधीच गावाबाहेर गेला होता. म्हणजे ज्या बाजारावर आणि कारखान्यांवर गाव वाढलं, तेच गेले. इंग्लंडमधल्या कितीतरी मार्केट टाऊनची हीच कहाणी आहे. वेगळं काही झालं ते पुढे.

२०११ मध्ये काय घडलं?

इंग्लंडमध्ये स्थानिक कारभाराची सगळ्यात खालची पायरी म्हणजे पॅरिश कौन्सिल. गाव मोठं असेल तर तिलाच टाऊन कौन्सिल म्हणतात. अशा सुमारे दहा हजार कौन्सिल देशभरात आहेत. त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. अनेक ठिकाणी जागेइतकेही उमेदवार मिळत नाहीत आणि निवडणूक न होताच सदस्य ठरतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मात्र हँडफर्थ नावाच्या गावाच्या पॅरिश कौन्सिलची झूम बैठक जगभर व्हायरल झाली होती. बैठक चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर यांनी आरडाओरडा करणाऱ्या अध्यक्षांनाच बैठकीतून बाहेर काढलं, तो हा व्हिडिओ. लोक पोट धरून हसले. पण गावपातळीचा कारभार किती कुरबुरींत अडकू शकतो, हेही त्यात दिसलं.

फ्रूममध्ये अशाच कुरबुरींना कंटाळलेल्या काही रहिवाशांनी २०११ मध्ये 'इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम' हा गट उभा केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. गावातला बाक कुठे ठेवायचा आणि खेळाचं मैदान कसं नीट करायचं, यात राष्ट्रीय पक्षांचं काय काम? गटाचा जाहीरनामा नव्हता. प्रत्येक सदस्य स्वतःच्या मताने मतदान करणार, पक्षादेश म्हणजे व्हिप नसणार. एकमत होतं ते फक्त वागण्याच्या पद्धतीवर : मतभेद मान्य करायचे, वाद मुद्द्यावर घालायचा, माणसावर नाही.

त्या वर्षी १७ पैकी १० जागा या गटाने जिंकल्या. २०१५ मध्ये सगळ्या १७. गटाचे एक संस्थापक आणि पुढे गावाचे महापौर झालेले पीटर मॅकफेडियन यांनी या अनुभवावर २०१४ मध्ये 'फ्लॅटपॅक डेमोक्रसी' नावाचं पुस्तक लिहिलं. सुटे भाग आणून घरी जोडायचं फर्निचर असतं, तशी लोकशाही आपापल्या गावात जोडून घ्या, असा त्या नावाचा अर्थ. ते वाचून इंग्लंडमधल्या इतर काही गावांनीही असे अपक्ष गट उभे केले.

फ्रिज, शिडी आणि ड्रिल

पक्ष गेले म्हणून गाव बदलत नाही. फ्रूममध्ये बदल दिसला तो रोजच्या लहान गोष्टींत.

२०१५ मध्ये गावात 'शेअर' नावाचं वाचनालय सुरू झालं. इथे पुस्तकांऐवजी वस्तू मिळतात. भिंतीला एक भोक पाडायला कुणी ड्रिल मशीन विकत घेत नाही, पण एका दिवसासाठी भाड्याने घेऊ शकतं. शिडी, तंबू, शिलाई मशीन, सगळं तसंच. ब्रिटनमधल्या अशा पहिल्या काही उपक्रमांत याची गणना होते.

२०१६ मध्ये 'कम्युनिटी फ्रिज' आला. दुकानात उरलेले पण खाण्याजोगे पदार्थ किंवा घरातली जास्तीची भाजी इथे आणून ठेवायची. ज्याला हवं त्याने घेऊन जायचं. नाव, पत्ता, उत्पन्न, काही विचारत नाहीत. गरिबांसाठीच्या फूड बँकेत बहुतेकदा कुणाची तरी शिफारस लागते आणि रांगेत उभं राहायला अनेकांना संकोच वाटतो. फ्रिजची कल्पना 'अन्न वाया जाऊ नये' अशी मांडल्यामुळे घेणाऱ्याला कमीपणा येत नाही. मोठ्या पगाराचा माणूसही तिथून कोबी उचलतो, त्यामुळे गरजू माणूस वेगळा दिसत नाही. देशात अगदी सुरुवातीला आलेल्या फ्रिजपैकी हा एक. आज ब्रिटनभर असे शेकडो फ्रिज आहेत.

बाजारही परतला, वेगळ्या रूपात. मार्च ते डिसेंबर, महिन्याच्या पहिल्या रविवारी गावाचे रस्ते वाहनांना बंद होतात आणि 'फ्रूम इंडिपेंडंट' हा बाजार भरतो. पूर्वी शेतकरी यायचे, आता चीजवाले, बेकरीवाले, जुन्या वस्तू विकणारे आणि हस्तकलाकार येतात. पर्यटक येतात, फोटो काढतात, रील बनवतात. फ्रूमचं सोशल मीडियावरचं चित्र बहुतांशी या रविवारांचं आहे.

डॉक्टरांनी एकटेपणावर काय उपाय केला?

फ्रूमची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र फोटोत येत नाही. ती दवाखान्यात घडली.

डॉ. हेलन किंग्स्टन या गावातल्या जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. त्यांच्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांचं मूळ दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. जोडीदार गेलेला, मुलं लांब, दिवसभर कुणाशी बोलणं नाही. गुडघा दुखतो म्हणून माणूस घरात बसतो, घरात बसतो म्हणून एकटा पडतो, एकटा पडतो म्हणून खाणं आणि गोळ्या चुकतात, आणि एक दिवस रुग्णवाहिका बोलवावी लागते.

२०१३ पासून इथे 'कम्पॅशनेट फ्रूम' नावाने काम सुरू झालं. पहिली पायरी साधी होती. गावात कोणते गट आहेत याची यादी करायची : गाण्याचा गट, चालण्याचा गट, सुतारकाम करत गप्पा मारणारे पुरुष, एकत्र जेवणारे ज्येष्ठ, कर्जात बुडालेल्यांना सल्ला देणारे. यादी केली तेव्हा कळलं की गट भरपूर आहेत, पण ज्यांना त्यांची गरज आहे त्यांना ते माहीतच नाहीत.

मग दवाखान्यानेच 'हेल्थ कनेक्टर' नेमले. डॉक्टर रुग्णाला त्यांच्याकडे पाठवतात आणि ते रुग्णासोबत बसून त्याला काय हवंय ते शोधतात. त्याबरोबर सामान्य रहिवाशांना 'कम्युनिटी कनेक्टर' म्हणून थोडं प्रशिक्षण दिलं जातं. त्यांनी समाजसेवक व्हायचं नसतं. शेजारी, केस कापायला आलेलं गिऱ्हाईक, दुकानातली ओळखीची आजी बोलता बोलता अडचण सांगते, तेव्हा 'अमुक ठिकाणी विचारा' एवढं सांगता यावं, इतकंच. कॅफेमध्ये ठरलेल्या वेळी 'टॉकिंग कॅफे' भरतो. तिथे कुणीही यावं आणि बोलावं.

आकडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत?

या कामाचा अभ्यास २०१८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ जनरल प्रॅक्टिस' मध्ये प्रसिद्ध झाला. एप्रिल २०१३ ते डिसेंबर २०१७ या काळात फ्रूममधून अचानक रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटलं. त्याच काळात संपूर्ण सॉमरसेटमध्ये ते २८ टक्क्यांहून जास्त वाढलं.

असे आकडे सोशल मीडियावर लगेच 'गप्पा मारा, रुग्णालय टाळा' अशा वाक्यात बसतात. पण इथे थोडं थांबायला हवं. हा अभ्यास एका गावाचा आहे. औषधाच्या चाचणीत दोन सारखे गट करून एकालाच औषध देतात, तसं इथे झालेलं नाही. शिवाय याच काळात दवाखान्याने इतरही बदल केले. कोणत्या रुग्णाला धोका जास्त आहे हे आधीच ओळखणं आणि रुग्णालयातून घरी सोडल्यावर त्याची विचारपूस करणं, हाही कामाचा भाग होता. त्यामुळे श्रेय नक्की कशाला किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

तरी दिशा बरोबर असावी असं मानायला जागा आहे. एकटेपणा आणि मृत्यू यांचा संबंध तपासणाऱ्या १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये आला होता. घट्ट नातेसंबंध असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली होती. ब्रिटनने जानेवारी २०१८ मध्ये एकटेपणाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. २०१९ च्या दीर्घकालीन आराखड्यात तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, रुग्णांना स्थानिक गटांशी जोडून देणारे हजारहून अधिक कर्मचारी नेमण्याचं ठरवलं. फ्रूमसारख्या गावांत जे चाललं होतं, ते आता राष्ट्रीय धोरणात आलं.

पण एक मुद्दा यात हमखास सुटतो. कनेक्टर माणसाला गटाकडे पाठवतो, पण त्यासाठी गट असावा लागतो. गटाला जागा लागते. जागेपर्यंत यायला बस लागते. वाटेत स्वच्छतागृह लागतं, नाहीतर सत्तरी उलटलेला माणूस घराबाहेरच पडत नाही. या सगळ्याला पैसे लागतात, आणि ते देणारा टाऊन कौन्सिलच्या टेबलावर बसत नाही.

गावाच्या हातात नेमकं काय आहे?

इथे इंग्लंडच्या स्थानिक कारभाराची रचना समजून घ्यावी लागते.

टाऊन कौन्सिलकडे बागा, बाक, बसथांबे, दफनभूमी, भाजी पिकवण्यासाठी नागरिकांना दिले जाणारे जमिनीचे तुकडे अशी कामं असतात. शाळा, मोठे रस्ते, वृद्ध आणि अपंगांची देखभाल, अनाथ किंवा धोक्यात असलेली मुलं, वाचनालयं, कचरा, बांधकाम परवाने, हे सगळं वरच्या पातळीवर.

फ्रूमसाठी ही वरची पातळी १ एप्रिल २०२३ पर्यंत दोन ठिकाणी विभागलेली होती : मेंडिप डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि सॉमरसेट काउंटी कौन्सिल. त्या दिवशी काउंटी आणि तिच्यातल्या चारही डिस्ट्रिक्ट कौन्सिल विलीन होऊन एकच 'सॉमरसेट कौन्सिल' झाली. तिचं मुख्यालय टॉन्टनला आहे, फ्रूमपासून रस्त्याने साठ किलोमीटरहून जास्त लांब.

यात लोकप्रतिनिधी किती दूर गेला हे साध्या भागाकारात दिसतं. फ्रूमच्या टाऊन कौन्सिलमध्ये २८ हजार लोकांसाठी १७ सदस्य आहेत, म्हणजे साधारण १,७०० लोकांमागे एक. सॉमरसेट कौन्सिलमध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास लोकांसाठी ११० सदस्य, म्हणजे साधारण ५,२०० लोकांमागे एक. ओळखीतला सदस्य टाऊन कौन्सिलचा, पण मोठा निर्णय दुसऱ्याचा.

गावाच्या मधोमध असलेली सॅक्सनव्हेल ही जुनी कारखान्यांची जमीन याचं उत्तम उदाहरण. ती वर्षानुवर्षे पडीक राहिली. तिथे खासगी विकसकाची योजना हवी की 'मेडे सॅक्सनव्हेल' या स्थानिकांच्या गटाची, यावर गाव कित्येक वर्षं भांडलं. पण जमिनीचा आणि परवानगीचा निर्णय टाऊन कौन्सिलचा नव्हता, आधी मेंडिपचा आणि नंतर सॉमरसेटचा होता. गावात १७ पैकी १७ जागा जिंकूनही गावाच्या मध्यभागी काय उभं राहावं, हे त्या १७ जणांना ठरवता येत नाही.

वरची तिजोरी रिकामी कशी झाली?

नव्या सॉमरसेट कौन्सिलने जन्मानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आर्थिक आणीबाणी जाहीर केली. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात सुमारे १० कोटी पौंडांची तूट दिसत होती.

याचं कारण फक्त उधळपट्टीत शोधलं तर उत्तर चुकतं. मुख्य कारण आहे माणसांचं वय. सॉमरसेटसारख्या निसर्गरम्य ग्रामीण काउंटीत निवृत्त लोक राहायला येतात, तरुण शिकायला बाहेर जातात. घरी काळजी घेणारी व्यक्ती किंवा वृद्धाश्रम यांचा खर्च वाढत जातो. ज्यांच्याकडे २३,२५० पौंडांपेक्षा कमी मालमत्ता आहे, त्यांच्या देखभालीच्या खर्चाचा मोठा वाटा कौन्सिलला उचलावा लागतो. ही कायदेशीर सक्ती आहे. मुलांच्या संरक्षणाचंही तसंच.

उत्पन्नाला मात्र वेसण आहे. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी म्हणा, ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर सार्वमत घ्यावं लागतं. मोठ्या कौन्सिलसाठी ही मर्यादा अलीकडे ४.९९ टक्के होती. इंग्लंडमध्ये घरांचे करगट आजही एप्रिल १९९१ च्या किमतींवर ठरतात. त्यात सॉमरसेटने २०१० नंतरची काही वर्षं कर अजिबात वाढवला नव्हता. न वाढवलेल्या प्रत्येक वर्षाचा तोटा पुढच्या सगळ्या वर्षांत चालू राहतो, कारण टक्केवारी लहान रकमेवर लागते.

रोजच्या खर्चासाठी कौन्सिलला कर्ज काढता येत नाही. पैसे पुरणार नसतील तर मुख्य वित्त अधिकारी 'कलम ११४' ची नोटीस काढतो आणि कायद्याने बंधनकारक नसलेला नवा खर्च थांबतो. २०२३ मध्ये बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमसारख्या मोठ्या शहरांवर ही वेळ आली. सॉमरसेटने ती टाळण्यासाठी कर्मचारी कमी केले, मालमत्ता विकायला काढल्या, केंद्र सरकारकडून सवलती मागितल्या. २०२५-२६ साठी तर तिला सुमारे ७.५ टक्के करवाढीची खास परवानगी मिळाली.

यात कात्री कुठे लागते ते उघड आहे. वृद्धांची देखभाल सक्तीची, म्हणून तिला हात लावता येत नाही. सार्वजनिक स्वच्छतागृह चालवणं मात्र कायद्याने सक्तीचं नाही. तेच सीसीटीव्हीचं, फुलझाडांचं, पर्यटन केंद्राचं. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर काढणाऱ्या सोयी आधी कापल्या जातात, आणि तो घरात पडून आजारी झाल्यावरचा खर्च मात्र सक्तीचा असतो. फ्रूमच्या दवाखान्याने जे चक्र उलटं फिरवायचा प्रयत्न केला, तेच चक्र अंदाजपत्रक पुन्हा सुलटं फिरवतं.

मग ओझं कुणाच्या डोक्यावर येतं?

सॉमरसेट कौन्सिलने गावोगावच्या टाऊन कौन्सिलना सांगितलं की या सेवा हव्या असतील तर तुम्ही चालवा. टाऊन कौन्सिलचा पैसा 'प्रीसेप्ट' मधून येतो. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर तिची वेगळी ओळ असते. गंमत अशी की करवाढीची जी मर्यादा मोठ्या कौन्सिलला आहे, ती टाऊन कौन्सिलना लावलेली नाही. त्यामुळे काउंटीतल्या अनेक गावांनी आपापला प्रीसेप्ट वाढवून स्वच्छतागृहं, बागा आणि इतर सेवा अंगावर घेतल्या.

एका बाजूने पाहिलं तर हे चांगलंच. आपल्या गावाची बाग गावाने सांभाळली तर ती नीट राहते. पण मग फ्रूमसारखं हौशी, संघटित आणि बऱ्यापैकी सुस्थितीतलं गाव जास्त कर भरून सेवा टिकवतं. शेजारचं लहान, गरीब गाव टिकवू शकत नाही. पूर्वी काउंटी सगळ्यांकडून पैसे घेऊन गरजेप्रमाणे वाटायची. आता ज्याची ऐपत त्याची सोय.

हे सगळं लोकांना सांगणार कोण?

कौन्सिल टॅक्सच्या बिलावरची एक ओळ का फुगली, हे समजायला कुणीतरी कंटाळवाण्या बैठकीत तीन तास बसावं लागतं. पूर्वी ते काम स्थानिक वार्ताहर करायचा. २००५ नंतर ब्रिटनमध्ये अडीचशेहून अधिक स्थानिक वृत्तपत्रं बंद पडली. छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, आणि त्यांच्यावर चालणारी वृत्तपत्रंही त्यांच्यामागून गेली.

ही पोकळी भरायला २०१८ पासून बीबीसी आपल्या परवाना शुल्कातून सुमारे १६५ वार्ताहरांचा पगार देते. हे वार्ताहर स्थानिक वृत्तसंस्थांमध्ये बसून फक्त कौन्सिलच्या कारभाराच्या बातम्या देतात. संपूर्ण ब्रिटनसाठी ही संख्या फार नाही. फ्रूम त्यातल्या त्यात नशीबवान आहे. तिथे 'फ्रूम टाइम्स' हे मोफत पाक्षिक निघतं आणि स्वयंसेवक 'फ्रूम एफएम' हे रेडिओ केंद्र चालवतात. ज्या गावांत हेही नाही, तिथे बातमी म्हणजे फेसबुक ग्रुप. हरवलेलं मांजर तिथे दहा मिनिटांत सापडतं. पण अंदाजपत्रकाची तूट कुठून आली, यावर शंभर कमेंट येतात आणि त्यातली माहिती किती खरी हे तपासणारा कुणी नसतो.

फ्रूमवर टीका कोणती होते?

पहिली टीका घरांची. गावाचं नाव झालं, 'राहायला उत्तम' गावांच्या याद्यांत ते आलं, आणि लंडन-बाथकडची पैसेवाली माणसं राहायला आली. घरांच्या किमती आणि भाडी वाढली. छापखान्यात काम केलेल्या कुटुंबातल्या मुलाला त्याच गावात घर घेणं कठीण झालं. बाजारातला महागडा पाव त्याच्यासाठी नाही, असं त्याला वाटलं तर ते चूक म्हणता येणार नाही.

दुसरी टीका लोकशाहीची. सगळ्या जागा एकाच गटाकडे असतील तर जाब कोण विचारणार? व्हिप नाही, प्रत्येकजण स्वतंत्र मत देतो, हे गटाचं उत्तर. ते काही अंशी खरं आहे. पण स्वभावाने, शिक्षणाने आणि आवडीने सारखी माणसं एकत्र आली, तर पक्ष नसतानाही विचार एकाच बाजूला झुकू शकतात.

तिसरी टीका सगळ्यात गंभीर. स्वयंसेवक छान काम करतात म्हणून सरकारला हात झटकायला निमित्त मिळतं. फ्रिज आहे, मग गरिबी भत्त्याची एवढी घाई कशाला? टॉकिंग कॅफे आहे, मग डे-केअर केंद्र हवंच कशाला? डॉ. किंग्स्टन यांच्या प्रयोगात मात्र पगारी कनेक्टर होते, दवाखान्याचा भक्कम आधार होता आणि त्यावर स्वयंसेवकांचं जाळं उभं होतं. पाया काढून घेतला तर जाळं कशाला बांधणार?

पुढे काय?

हा प्रश्न आता फक्त सॉमरसेटचा उरलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढून इंग्लंडमधली दोन पातळ्यांची रचना सगळीकडेच मोडण्याचं ठरवलं. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट जाऊन साधारण पाच लाख लोकांसाठी एकच मोठी कौन्सिल, असा तो आराखडा आहे. सॉमरसेट त्याच आकाराची आहे आणि ती दोन वर्षं आधीच या वाटेवर निघाली. त्यामुळे इतर मार्केट टाऊनना उद्या काय पाहायला मिळेल, याची झलक आज फ्रूममध्ये दिसते. वरची कौन्सिल लांब जाईल, सेवा खाली ढकलल्या जातील आणि त्यांचं बिल गावाच्या नावाने येईल.

त्या वेळी कोणतं गाव तरेल, हे काही प्रमाणात त्या गावात आधीपासून काय आहे यावर ठरेल : बैठकीला येणारी माणसं, एकमेकांची नावं माहीत असलेले शेजारी, खरी बातमी देणारं एखादं पाक्षिक. हे फ्रूमने कमावलंय आणि दुसरं गावही कमावू शकतं. पण वृद्धांच्या देखभालीचा वाढता खर्च देशाने कसा वाटून घ्यायचा, हे ठरवणं गावाच्या आवाक्यातलं नाही. तो निर्णय लंडनमध्ये व्हायचा आहे आणि तिथली सरकारं तो वर्षानुवर्षे पुढे ढकलत आली आहेत. तोवर सॉमरसेटमधल्या गावांना दरवर्षी कराचं बिल हातात घेऊन एकच हिशेब करावा लागेल : यंदा स्वच्छतागृह चालू ठेवायचं की बाग.